डब्यांना चूलबंद आवतण

भोरजवळच्या उत्रोली गावात माझ्या नोकरीबद्दल तीन मतं आहेत. पहिलं मत असं की मी मोबाईलच्या टॉवरची बाई आहे. त्यामुळे रेंज गेली की माणसं आमच्या अंगणात येऊन उभी राहतात आणि माझ्याकडे रागानं बघतात. दुसरं मत असं की मी पोलिसांसाठी लोकांचे फोन ऐकते. हे मत असणारे माझ्याशी बोलायच्या आधी खिशातला मोबाईल बंद करतात. तिसरं मत माझ्या सासूबाईंचं. शेजारणीनं विचारलं की त्या सांगतात, "ती कॉम्पुटरला न्हाई म्हनायला शिकिवती."

संपादकांनी 'काम काय ते सगळ्यांना कळेल असं लिहा' म्हणून कळवलं तेव्हा मी दोन दिवस कागद खरडले. शेवटी सासूबाईंचंच वाक्य सगळ्यात बरं निघालं. पण तेवढ्यावर दिवाळी अंकाची पानं भरत नाहीत, म्हणून पुढचं लिहिते आहे.

हल्ली मोठं सॉफ्टवेअर एकसंध नसतं. त्याचे लहान लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा त्याच्या शिदोरीसकट एकेका डब्यात भरतात. डबा म्हणजेच कंटेनर. असे शेकडो डबे अनेक मशीनवर मांडणारा एक मुकादम असतो, तोही प्रोग्रॅमच. एखादा डबा कोसळला तर मुकादम रडत बसत नाही, त्याच्या जागी तसाच दुसरा मांडतो. या सगळ्या पसाऱ्याला क्लस्टर म्हणतात. सोयीसाठी डबे वेगवेगळ्या घरांत वाटलेले असतात. एका प्रकारचं काम करणारे डबे एका घरात.

आता गंमत अशी की मुकादमाला मांडामांडी येते, पण कोणी कोणाशी बोलावं यात तो लक्ष घालत नाही. तुम्ही काही सांगितलं नाही तर कुठलाही डबा कुठल्याही डब्याशी बोलू शकतो. एका डब्यात चोर शिरला की तो मजेत सगळ्यांच्या घरी जाऊन येतो. म्हणून माझ्यासारखी बाई लागते. मी पहिला नियम लिहिते, की कोणीही कोणाशी बोलायचं नाही. मग एकेकाला परवानगी देत बसते. हा इकडून बोलेल, तो तिकडून ऐकेल, बाकीच्यांनी गप्प बसायचं. नेटवर्कच्या धंद्यात मला बावीस वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा या डब्यांना गप्प बसवण्यात गेली.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवते, पुढं लागेल. कोण कोणाशी बोललं ते मला दिसतं. काय बोललं ते दिसत नाही, ते कुलूपबंद असतं. दुसऱ्या मतवाल्यांनी कृपया नोंद घ्यावी.

सुरुवातीला मी फार कडक होते आणि त्याची फळं भोगली. पहिल्यांदा 'कोणीही कोणाशी नाही' हा नियम लावला, परवानग्या नीट तपासून दिल्या, आणि तरी सगळं क्लस्टर मुकं. पाऊण तास मी आणि चार इंजिनिअर डोकं धरून बसलो. मग कळलं की डब्यांना एकमेकांशी बोलायला परवानगी होती, पण एकमेकांचा पत्ता विचारायला नव्हती. पत्ते सांगणारा एक वेगळा डबा असतो आणि त्याच्याकडे जायची वाट मी बंद केली होती. कापूरहोळच्या फाट्यावर ज्या पानवाल्याला सगळे 'भोर कुठल्या बाजूला' विचारतात, त्याचं दुकान बंद करून वर सगळ्यांना म्हणायचं, जा की भोरला, मी कुठं अडवलंय! ही चूक या धंद्यातला प्रत्येक माणूस एकदा करतो. मी दोनदा केली.

तीन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई भाताच्या बांधावरून घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला. त्यांना मी आत्याबाई म्हणते. नवऱ्याची नोकरी पुण्यात, मुलगी होस्टेलवर, म्हणून मी लॅपटॉप घेऊन दोन महिन्यांसाठी उत्रोलीला आले. पाय वेळेत जुळला. मी परत गेले नाही. कारण विचाराल तर मला इथं बरं वाटत होतं. पुण्यात मी दिवसभर लोकांना नाही म्हणायचे आणि संध्याकाळी फ्लॅटचं दार लावून गप्प बसायचे. इथं संध्याकाळी आत्याबाईंशी भांडता यायचं. त्या अतिशय चांगलं भांडतात.

कंपनीच्या दृष्टीनं मात्र माझं उत्रोलीत असणं ही सवलत होती. आमच्याकडे कुठल्याही सवलतीचे तीन रकाने भरावे लागतात. कोणाला, कशासाठी, कधीपर्यंत. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही हा नियम मीच घातलेला, कारण सौरभ नावाचा आमचा एक हुशार पोरगा दर आठवड्याला "मॅडम, दोन मिनिटं सगळं उघडा, फक्त टेस्टिंग करतो" म्हणायचा. त्याची एक दोन मिनिटं चार महिने चालली होती. तर त्याच रकान्यात माझे साहेब, साठे सर, यांनी माझ्यापुढं लिहिलं होतं 'तीस जून'. त्याआधी आमच्या क्लस्टरचं ऑडिट होतं. ते नीट पार पडलं तर सवलत वाढणार, नाहीतर मी बाडबिस्तरा गुंडाळून पुण्याला. साठे सर वाईट नाहीत, पण त्यांचं म्हणणं असं की जोखमीचं काम करणारं माणूस डोळ्यांसमोर असावं.

आणि काम जोखमीचं खरंच होतं. आमचं क्लस्टर एका खाजगी डेअरीचं. भोर आणि वेल्हे भागातल्या दूध संकलन केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळ दूध येतं. काट्यावर कॅन ठेवला की वजन एका डब्याकडे जातं, फॅट दुसऱ्याकडे, आणि पावती काढणारा डबा तिसरा. पावती निघाल्याशिवाय काटा पुढचा कॅन घेत नाही. शेतकऱ्यांच्या मोबाईलवर निरोप पाठवायचा तर तोही या पावतीच्या घरातूनच जायचा.

आता आवतणाकडे येते. आत्याबाई चौथी शिकलेल्या, पण गावात कार्य निघालं की बायका त्यांच्याकडे येतात, कुणाला कसं बोलवायचं विचारायला. आमच्याकडे बोलावण्याचे प्रकार आहेत. घरटी एक म्हणजे घरातून एकानंच यायचं. जोडीनं म्हणजे नवरा-बायकोनं. आणि चूलबंद म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, पोराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं. कुठल्या घराशी कुठला प्रकार, कोण कधी रुसलं होतं, कोणाला कोणाच्या पंगतीत बसवायचं नाही, हे सगळं आत्याबाईंच्या डोक्यात. मी जे काम संगणकावर सहा वर्षं शिकते आहे ते ही बाई पन्नास वर्षं चुलीपुढं बसून करते आहे. पायाला प्लास्टर असताना मी त्यांना माझं काम सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी आवतनाची यादीच की ग. त्याला कशाला पगार देत्यात?"

तेव्हापासून मी नियमांच्या फायलीत शेजारी टिपा लिहायला लागले. '# घरटी एक' म्हणजे या घरातला अमुक एकच डबा बोलेल. '# चूलबंद' म्हणजे घरातले सगळे. पुण्यातल्या पोरांनाही ते आवडलं. एक दिल्लीचा इंजिनिअर मीटिंगमध्ये "इसका चूलबंद कर दें क्या मॅम?" असं विचारायला लागला तेव्हा मला जो अभिमान वाटला तो पगारवाढीच्या वेळीही वाटला नव्हता.

पण आत्याबाईंबरोबर राहून एक वळणही लागलं. त्यांच्या मते ज्या घराशी रोजचं येणंजाणं आहे त्याला घरटी एक सांगणं म्हणजे अपमान. पावतीच्या घराशी माझं रोजचं येणंजाणं. तिथून बाहेर निरोप पाठवायची परवानगी लिहायची वेळ आली तेव्हा माझा हात सरळ चूलबंदवर गेला. घर आपलंच आहे, त्यात परकं कोण येणार? एवढाच विचार केला आणि जेवायला उठले.

ऑडिटला आलेले जगताप साहेब गंभीर माणूस. व्हिडिओवर त्यांच्या मागं रिकामी भिंत असायची आणि चेहरा त्या भिंतीसारखाच. ते म्हणाले, "दुधाची गर्दी सकाळी असते ना? मग मी सकाळीच बसतो." ठरला तो दिवस एक जून.

साडेसहाला पडद्यावर ते आले, पुण्याहून साठे सर आले, मी ओटीवर लॅपटॉप मांडून बसले. मागच्या भिंतीला आमच्या लग्नाचा फोटो, बाजूला तांदळाची पोती, त्याला इलाज नव्हता. घरासमोरच्या दूध केंद्रावर कॅनची रांग लागलेली. मी जगताप साहेबांना एकेक नियम दाखवत होते आणि ते "हं" म्हणत होते. सगळं इतकं छान चाललं होतं की मी मध्येच पाणी प्यायले.

सात वाजले आणि पडद्यावरची एक रेघ उभी चढली. पावतीच्या घरातून बाहेर निरोपांचा लोंढा सुटला होता. दहा नाही, शंभर नाही, हजारोंनी. पाठवणारा डबा पावतीचा नव्हता. त्याचं नाव होतं 'टेस्ट फायनल नवीन दोन'. असला डबा माझ्या यादीत कुठंच नव्हता.

"मॅडम, हे काय आहे?" जगताप साहेबांनी विचारलं.

चोर घरात शिरला की असंच करतो, आपल्या दारातून हजारो लोकांना खोटे निरोप पाठवतो. काय पाठवतोय ते मला दिसत नव्हतं. लोकांच्या फोनवर काय चाललं असेल या विचारानं मी बावीस वर्षांत पोरांना जे कधी करू नका म्हणून सांगितलं तेच केलं. घाबरून बटण दाबलं. त्या डब्यापुरतं नाही, अख्ख्या घराची तोंडं बंद केली.

रेघ खाली आली. साठे सर म्हणाले, "गुड." तेवढ्यात समोरच्या केंद्रावरून आरडाओरडा सुरू झाला.

त्या घरात पावतीचा डबाही राहत होता, हे मी नको तेव्हा विसरले होते. केंद्र बघणारे बबनतात्या धावत अंगणात आले. "वैनी! काटा मुका झालाय! पावतीच न्हाई निघत! येल्ह्यास्नं फोन, शिवऱ्यास्नं फोन, समद्यांचं तेच. वाडीवरनं आलेलं दूध हाय, उन्हं वर आली की नासंल बघा!"

"तात्या, चोर शिरलाय. थोडं थांबा."

"कुठं शिरलाय? दांडकं आनू का?"

कॅमेरा चालू होता. जगताप साहेबांनी तात्यांना नीट पाहून घेतलं. साठे सर कपाळावर हात ठेवून म्हणाले, "सुनंदा, हे असं चालणार नाही. जुलैपासून तुम्ही इथं पुण्यातच या." त्यांनी ते शांतपणे म्हटलं, म्हणून जास्त लागलं. मला खरंच रडू यायला लागलं. दार उघडावं तर चोर मोकळा सुटतो, न उघडावं तर दोन्ही तालुक्यांचं दूध माझ्या नावानं नासतं. दोन्हीकडून मी पुण्याला.

अशा वेळी आत्याबाई आतून आल्या. त्यांच्या हातात मोबाईल होता आणि चेहऱ्यावर नवीन लग्न झालेल्या मुलीसारखं हसू.

"सुनंदा, हे वाच बरं. डेअरीचा निरोप आलाय मला. हार्दिक शुभेच्छा म्हनत्यात."

"आत्याबाई, आत्ता नको."

"अग वाढदिवस हाय म्हनं माजा आज."

"तुमचा वाढदिवस आज आहे?"

"तसा न्हाई. पन शाळंत एक जूनच हाय. मास्तरांनी समद्यांचाच एक जून लिवला. शाळा जूनात उघडायची, मग वय बरुबर बसाया नको? आमच्या वर्गात एकजात समदी एक जूनची."

बबनतात्या म्हणाले, "माजाबी एक जून. मला न्हाई आला निरोप."

डेअरीनं त्या वर्षी शेतकऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या जन्मतारखा नोंदवून घेतल्या होत्या. शाळेच्या दाखल्यावरून. म्हणजे भोर आणि वेल्ह्यातली अर्धी वडीलधारी मंडळी एकाच दिवशी जन्मली होती, आणि कुणीतरी त्या सगळ्यांना सकाळी सातच्या ठोक्याला शुभेच्छा देत होतं. 'कुणीतरी' म्हणजे कोण हे मला आता पक्कं कळलं. मी सौरभला फोन लावला. तो झोपेतच म्हणाला, "हां मॅडम, बर्थडेचा डबा, एप्रिलमध्ये टाकला होता. टेस्टिंगला. पण एका दिवसात फार तर पंधरा-वीस जणांचे वाढदिवस येतात, मॅडम. आज काय झालं?" सौरभ कोथरूडचा. त्याच्या घरी प्रत्येकाला वेगळा वाढदिवस आहे.

हा डबा पावतीच्या घरात पाहुणा म्हणून येऊन राहिला होता, आणि मी चूलबंद आवतण दिलेलं असल्यामुळे तोही पंगतीला येऊन बसला. त्याची काही चूक नव्हती. चूक माझी होती.

मी जगताप साहेबांना हे सगळं सांगितलं. चूलबंदपासून मास्तरांपर्यंत. त्यांचा चेहरा हलला नाही. ते म्हणाले, "आधी दूध."

"दार सगळं नको उगडूस," आत्याबाई माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत म्हणाल्या. त्यांना पडद्यावरचं काडीइतकं कळत नव्हतं, पण आवतणातलं कळत होतं. "ज्याचं काम नडलंय तेवढ्यालाच सांग. घरटी एक. रुसना का बाकीचे."

मी चूलबंद खोडलं. घरटी एक लिहिलं, पुढं पावतीच्या डब्याचं नाव. समोरचा काटा किरकिरला, पावती निघाली, रांग पुढं सरकली. सगळं मिळून वीस मिनिटं गेली असतील. दूध वाचलं. तात्या जाताना म्हणाले, "आन माजी शुबेच्छा?"

मला वाटलं ते गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते.

मी दार लावलं तोपर्यंत निम्म्या लोकांना निरोप पोचला होता आणि निम्म्यांना नाही. नऊपासून अंगणात माणसं जमायला लागली. दुधाबद्दल एकानंही विचारलं नाही. ज्याला त्याला वाढदिवस हवा होता. सरपंचीणबाईंना आला होता, त्यांच्या जावेला नव्हता, आणि यात राजकारण आहे असं जावेचं म्हणणं होतं. दुपारी तर धोंडिबा आण्णा आले. वेल्ह्याकडच्या एका वाडीचे, पंचाहत्तरीचे, दोन एस.टी. बदलून, पांढराशुभ्र फेटा बांधून.

"बाई, डेअरीला धा वर्सं दूध म्या घालतुया. आन शुबेच्छा हिला?" त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे बोट केलं. "समदी वाडी हसती मला."

आजी पदराआड हसत होत्या. "जल्मात पयल्यांदा माजं नाव आदी आलं, तर सोसना यास्नी."

नवऱ्याचाही फोन आला. त्याचाही वाढदिवस एक जूनच. सकाळी सहाला मी त्याला फोनवर शुभेच्छा दिल्या होत्या, बावीस वर्षं देतेच आहे. फोन चालू असताना आत्याबाई मागून म्हणाल्या, "त्याचा कुठला एक जून? त्यो शरावनातला. पिठोरीच्या आदल्या दिशी झाला." बावीस वर्षं मी चुकीच्या दिवशी शिरा करत होते आणि माय-लेक गुपचूप खात होते. मी जाब विचारला तर नवरा म्हणाला, "शिरा चांगला असायचा."

शेवटी चार वाजता मी जगताप साहेबांना पुन्हा व्हिडिओ फोन लावला आणि वाढदिवसाच्या डब्यासाठी रीतसर सवलत मागितली. कोणाला: वाढदिवसाचा डबा. कशासाठी: राहिलेल्या शुभेच्छा. कधीपर्यंत: आज संध्याकाळी सहा. त्यांनी वाचलं आणि मान डोलावली. मी दार उघडलं. डब्यानं मात्र राहिलेल्या यादीपासून सुरू न करता पहिल्यापासून सुरुवात केली. त्यामुळे ज्यांना सकाळी आला होता त्यांना पुन्हा आला, आणि आता ज्यांना एकच आला ते भांडायला लागले. धोंडिबा आण्णांचा फोन वाजला तेव्हा ते अंगणातच होते. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून नाव वाचलं, फेटा नीट केला, आणि बायकोला म्हणाले, "चल." तेवढ्यात आजींचा फोन दुसऱ्यांदा वाजला. त्या एस.टी.त काय बोलल्या असतील देव जाणे.

मी मात्र त्या रात्री जेवले नाही. साठे सरांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. आत्याबाईंना मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ते ऐकलं होतंच. त्या ताट माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "जायाचं तर जा. मला काय. पाय बरा हाय माजा." आणि मग उगाच दोन महिन्यांपूर्वीच्या लोणच्यावरून माझ्याशी भांडल्या. इतकं वाईट त्या कधीच भांडल्या नव्हत्या. एकही मुद्दा धड नव्हता.

अहवाल पंधरा दिवसांनी आला. पहिल्या पानावर माझी चूक, स्वच्छ शब्दांत. परवानगी गरजेपेक्षा सैल होती, आणि बंदीही गरजेपेक्षा मोठी होती. दोन्ही खरं होतं, मला लाज वाटली, अजून वाटते. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की लोंढा हल्ल्याचा नसून नेहमीच्या व्यवहाराचा आहे हे स्थानिक तज्ज्ञांनी तत्काळ ओळखलं आणि योग्य तेवढीच परवानगी देण्याचा सल्ला दिला. अशी माहिती पुण्यात बसून मिळणार नाही, तरी ही व्यवस्था जागेवरच ठेवावी.

साठे सरांनी फोन केला. "सुनंदा, हे स्थानिक तज्ज्ञ कोण? आपण कोणाला नेमलंय का?"

"नाही सर," मी म्हटलं. "मानद आहेत."

मग माझं नवीन पत्र आलं. कोणाला: सुनंदा. कशासाठी: क्लस्टरची सुरक्षा. कधीपर्यंत: स्थानिक तज्ज्ञ उपलब्ध असेपर्यंत.

मी ते आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या.

"म्हंजी म्या हाय तवर?"

"हो."

"मग कळीव त्येंला," त्या म्हणाल्या, "लई दिस हाय म्हनावं."

थोड्या वेळानं मी विचारलं, की आत्याबाई, तुमचा खरा वाढदिवस कधीचा? त्या म्हणाल्या, "आई म्हनायची लावनी चालू हुती. आता लावनी काय एका दिसात उरकती व्हय?" मग सूप बाजूला ठेवून त्यांनी विचार केला, आवतणाची यादी ठरवताना करतात तसाच. "तू आलीस तो दिस धर. पाटीला ती काळी पिशवी लावून आलीस, आन शेजारच्या कुत्र्यानं तुजी चप्पल पळिवली. म्या प्लास्टर घालून पडल्याली, पन हसून हसून पोट दुकलं. त्यो धर."

ती तारीख माझ्या सवलतीच्या पहिल्या अर्जावर होती. मी एक छोटासा डबा केला. वर्षातून एकदा, त्या तारखेला, एकाच फोनवर एक निरोप पाठवणारा. त्यालाही बाहेर बोलायला परवानगी लागतेच, तेव्हा तीन रकाने भरायला बसले. कोणाला: आत्याबाईंचा डबा. कशासाठी: घरचं कार्य. तिसऱ्या रकान्याशी मात्र हात अडला. स्वतःचाच नियम मोडून तो तसाच रिकामा सोडला.

या वर्षी जगताप साहेब पुन्हा ऑडिटला आले. एकेक ओळ बघत त्या ओळीपाशी थांबले.

"मॅडम, हा तिसरा रकाना रिकामा आहे."

"माहीत आहे, सर."

मागच्या दाराशी आत्याबाई शेजारणीला मोठमोठ्यानं सांगत होत्या, की अमक्याच्या घरी घरटी एक सांगितलं तर लोक तोंडात शेण घालतील, चूलबंदच सांगायला पाहिजे. ते सगळं जगताप साहेबांना ऐकू जात असणार.

"स्थानिक तज्ज्ञ बऱ्या आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"बऱ्या आहेत, सर."

त्यांनी त्या ओळीपुढं बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "पुढचा नियम दाखवा."